कविता, पथनाट्य, कादंबरी आणि चळवळ : एकच धरायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षं तुम्ही नागपुरात सफाई कामगारांच्या संघटनेचं काम करता. मोर्चासाठी गाणी लिहिलीत, वस्त्यांमध्ये पथनाट्यं केलीत, कवितांच्या वह्या भरल्या आहेत आणि एक कादंबरी अर्ध्यावर अडकली आहे. प्रकाशक म्हणाले, "कवी की कादंबरीकार, ते आधी ठरवा." संघटनेतला जुना सोबती म्हणाला, "माणसं गटारात गुदमरून मरताहेत आणि तू कादंबरी लिहीत बसलास?" म्हणून तुम्ही विचारता की एकच काहीतरी धरावं का, आणि या सगळ्यावर पोट भरतं का.

मी अठ्ठावीस वर्षं बीड भागातल्या ऊसतोड मजुरांबरोबर काम करते आहे. त्याच वर्षांत कथा लिहिल्या, दोन कादंबऱ्या लिहिल्या, रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, आणि या सगळ्यांच्या कितीतरी पट अर्ज आणि निवेदनं लिहिली. त्या अनुभवावरून सांगते, एकच धरू नका. फक्त कुठल्या वेळी काय लिहायचं हे स्वतःच्या लहरीवर सोडू नका. समोर कोण बसलं आहे आणि त्याच्या हातात काय पडायला हवं, यावरून ते ठरवा.

हे मला शिकवलं ते अण्णा भाऊ साठ्यांच्या लिखाणानं. त्यांची जयंती आपण दरवर्षी १ ऑगस्टला करतो, फलक लागतात, मिरवणुका निघतात. पण लेखक म्हणून त्यांनी दिवसेंदिवस काय केलं, कुठल्या क्षणी कुठला प्रकार हाती घेतला, याकडे आपण फारसं बघत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जन्म १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. मातंग घरातला मुलगा, शाळेशी जवळजवळ संबंध नाही. घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. हमाली केली, बूटपॉलिश केलं, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरओळख पक्की झाली असं त्यांचे चरित्रकार सांगतात. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात असताना सुरुवातीला त्यांनी जे रचलं ते मच्छरावरचं कवन होतं, असंही सांगतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कामगारांच्या वस्तीत रात्री कुणाला झोप लागत नाही, कारण डास. मग पहिलं कवन डासावर. ऐकणारा प्रत्येक जण आदल्या रात्री त्याच डासांनी फोडून निघालेला, त्याला वेगळं काही समजावून द्यावं लागत नाही.

१९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. पोवाडाच का? हजारभर माणसं उभी आहेत, ध्वनिक्षेपकाची खात्री नाही, निम्म्यांना वाचता येत नाही, आणि दूर कुठल्या तरी शहरातली लढाई आपली वाटायला हवी. अशा वेळी डफ, तुणतुणं आणि चढा आवाज हवा. युद्धात हरणाऱ्या-जिंकणाऱ्यांची गोष्ट ऐकायची मराठी कानाला शिवकाळापासून सवय आहे. त्यांनी ती सवय वापरली आणि व्होल्गाकाठची माणसं परळ-लालबागच्या माणसांपुढे आणून उभी केली.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तिथं पोवाडा एकटा पुरेना. पोवाडा अंगात वीरश्री आणतो, पण सावकार कसा फसवतो, मालक आणि पुढारी आतून कसे एक होतात, हे दाखवायला प्रश्न विचारणारं पात्र लागतं आणि त्याला उलटा जबाब देणारं दुसरं लागतं. हे तमाशात आयतं होतं. त्यांनी तमाशाच घेतला, पण त्याची सुरुवात बदलली. गणेशाला वंदन करणाऱ्या गणाच्या जागी मायभूला आणि शिवछत्रपतींना वंदन आलं. गवळण गेली. बतावणी, सोंगाड्या, हजरजबाबी सवाल-जवाब मात्र ठेवले, कारण लोक त्यासाठीच येत होते. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचं इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही नुसती नावं वाचली तरी समोर कोण बसलं असेल ते कळतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा याच खेळांना लोकनाट्य हे नाव मिळालं आणि ते पुढं चालू राहिलं.

तुम्ही पथनाट्य करता, म्हणून इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांनी लोकांचा ओळखीचा आकार मोडला नाही. आतला एकच भाग उचलून बदलला. आपल्याकडची बरीच पथनाट्यं पाहताना मला खंत वाटते ती इथं. काळे कपडे, गोल करून उभं राहणं, एका सुरात घोषणा. वस्तीतल्या बायका पाच मिनिटं थांबतात आणि नळाला पाणी आलं की निघून जातात. विदर्भात दंडार आहे, खडी गंमत आहे, ही तिथली जुनी लोकनाट्यं. तुमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ती पाठ असेल. त्यांच्याकडे जाऊन बसा.

आता सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ, 'माझी मैना गावावर राहिली'. ही छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचं गाणं, आहे. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं मुंबईत तळमळणारा कामगार तीत बोलतो. गाणं सुरू होतं तेव्हा राजकारणाचा मागमूस नसतो. ती कशी दिसते, निघताना कशी रडली, हेच चाललेलं असतं. मग मुंबई येते, तिथली श्रीमंती आणि तिथली फसगत येते, आणि शेवटाकडे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याची कळ येते. घरधनीण आणि सीमाभाग, दोन्हींची ताटातूट एकच होऊन जाते. गिरणगावातला जवळजवळ प्रत्येक पुरुष बायको गावी ठेवून आलेला होता. त्याला भाषावार प्रांतरचनेचा सिद्धांत सांगायची गरजच पडली नाही, त्याच्या खोलीतलं दुःख घेऊनच गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात उतरलं. हे काम निबंधानं झालं नसतं आणि कादंबरीनंही झालं नसतं.

मग कादंबऱ्या कशाला लिहिल्या? तीसहून अधिक लिहिल्या त्यांनी. तुमच्या सोबत्याच्या टोमण्याला खरं उत्तर इथं आहे.

मोर्चातलं गाणं माणसाला जमावात आणतं. पण मातंग समाजावर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला होता, माणसांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागत होती, आणि तो शिक्का वाचणाऱ्या मध्यमवर्गाच्या डोक्यातही घट्ट बसला होता. तो वर्ग मोर्चात येणार नव्हता. तो घरी, दिव्याखाली, एकटा पुस्तक वाचत होता. त्याच्या मनातला चोर पुसून तिथं माणूस उभा करायचा तर त्याच्याबरोबर बरेच तास बसावं लागतं, आणि इतका वेळ फक्त कादंबरीला मिळतो. १९५९ ची 'फकिरा' हे करते. सुरुवातीलाच राणोजी गावाच्या मानासाठी शिगावच्या जत्रेतून जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणायला निघतो आणि त्यात जीव गमावतो. त्याचा मुलगा फकिरा पुढं दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, इंग्रजी सत्तेला अंगावर घेतो. कायद्याच्या दप्तरात जो दरोडेखोर, तो वाचकाच्या मनात गावाचा रखवालदार होतो. १९६१ मध्ये या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आणि अर्पण केली आहे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. कम्युनिस्ट चळवळीत वाढलेला माणूस हे अर्पण करतो, यावरून त्यानं आपली लेखणी कुणा एकाच्या दावणीला बांधली नव्हती हे कळतं. तुमच्या संघटनेनं तुमच्या कादंबरीचा शेवट सुचवला तर हे अर्पण आठवा.

कथेची गत आणखी निराळी. 'स्मशानातील सोनं' वाचली नसेल तर आजच वाचा. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. बायको आहे, लेक आहे. एकदा मसणातल्या राखेत त्याला सोनं सापडतं, आणि मग प्रेतांच्या राखेतून, पुरलेल्या मढ्यांच्या अंगावरून सोनं काढणं हाच त्याचा धंदा होतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेत उकरतो, जबडा पहारीनं उचकटून तोंडात बोटं घालतो, पहार निसटते आणि मेलेल्या माणसाच्या दातांत त्याची बोटं अडकतात. दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणारी बोटं गेल्यावर काम आलं.

यात बेकारी हा शब्द घोषणेसारखा कुठंही येत नाही. कुणी भाषण करत नाही. लेखक भीमाला क्षमा करत नाही आणि दोषही देत नाही. मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा तेवीस वर्षांची होते, रात्रभर माझ्या उजव्या हाताची बोटं मी डाव्या हातात धरून होते. चार-सहा पानांची कथा एकाच जागी घाव घालते. तिथं उपाय सांगायला जागा नसते आणि सांगू पाहिला तर घाव बोथट होतो.

आता माझ्या कामातलं सांगते, कारण इथं मी एका बाईचं नुकसान केलेलं आहे.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. पाळी, बाळंतपण, ताप, काहीही असो. गर्भपिशवी काढून टाकलेल्या एका बाईनं मला कोपीत, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, बसून सगळं सांगितलं. मी त्यावर कथा लिहिली, दिवाळी अंकात आली, चार जणांनी कौतुक केलं. नाव मी बदललं होतं, गाव बदललं होतं. पण तिची एक लंगडी शेळी होती, ती दर हंगामाला गाडीत घालून बरोबर न्यायची. ती शेळी मला इतकी आवडली होती की मी ती तशीच ठेवली. अंक कुणीतरी टोळीत वाचून दाखवला. पुढच्या हंगामाला त्या जोडप्याला मुकादमानं उचल दिली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, माझं नाव नव्हतं म्हणता, पण माझी शेळी तर होती."

त्याच्या उलट चूकही केली आहे. त्याआधी मी मजुरीच्या तक्रारीचा पहिला अर्ज लिहिला होता. पाचटासारखं जळणारं आयुष्य वगैरे त्यात सगळं होतं. साहेबांनी वाचला आणि शांतपणे विचारलं, कारखाना कोणता, टोळी कुणाची, तारखा काय, किती दिवसांची मजुरी राहिली? यातलं एकही अर्जात नव्हतं. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत टोळी दुसऱ्या फडावर गेली होती.

तेव्हापासून मी दोन वह्या ठेवते. एकीत नाव, तारीख, आकडा, सही किंवा अंगठा. दुसरीत आवाज, वास, बोलण्याची ढब, शेळी. अर्जात पहिल्या वहीतला तपशील माणसाचं रक्षण करतो. कथेत तोच तपशील त्याला उघडं पाडतो. म्हणून दुसऱ्या वहीतली गोष्ट कथेत घेताना मी तीन-चार बायकांचं आयुष्य एकत्र मळून घेते, आणि छापायच्या आधी जिचा त्यात वाटा मोठा आहे तिला वाचून दाखवते. ती नको म्हणाली तर कथा पेटीत जाते. आजवर सहा गेल्या आहेत.

तुमच्या क्षेत्रातलं बोलायचं तर, गटारात उतरून कामगार दगावला की निवेदनात हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा हवा, सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा १० लाखांच्या भरपाईचा निकाल हवा, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली गेली तो निकालही हवा. कोणी उतरवलं, किती वाजता, दोरी-मुखवटा दिला होता का, हे त्याच दिवशी लिहून घ्या. कवितेत यातलं काही आणू नका. कवितेला कदाचित झाकणाशेजारी काढून ठेवलेल्या चपला पुरतील.

एकाच घटनेतून दोन्ही कसं निघतं याचं एक लखलखीत उदाहरण बंगालमधलं आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर पोलिसांच्या मारहाणीनं कोठडीत मेला. शबर हेही जुन्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसलेले. बंगाली लेखिका महाश्वेता देवी तिथल्या शबर संघटनेत वर्षानुवर्षं काम करत होत्या. संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात गेली, न्यायालयानं केंद्रीय अन्वेषण विभागाची चौकशी आणि भरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरमध्ये, तसाच शिक्का बसलेल्या छारा समाजाच्या पोरांनी त्याच मृत्यूवर 'बुधन' हे नाटक उभं केलं. आणि महाश्वेता देवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि 'उचल्या' लिहिणारे आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवरचा गट सुरू केला. याचिकेचं काम नाटकानं केलं नाही आणि नाटकाचं काम याचिकेनं केलं नाही. महाश्वेता देवींच्या 'बर्तिका' नियतकालिकाचंही मला अप्रूप वाटतं. त्यात त्यांनी आदिवासींना, शेतमजुरांना, रिक्षावाल्यांना स्वतःच लिहायला लावलं. आपल्या कामगारांपैकी कुणाला लिहितं करता येतं का, हे तुम्हीही बघा.

आता पोटाचा प्रश्न. इथं मला अण्णा भाऊंचंच आयुष्य धडा म्हणून सांगावं लागतं, आणि लिहिताना वाईट वाटतं. 'वैजयंता' कादंबरीवर १९६१ मध्ये चित्रपट आला, 'फकिरा'वर आला, 'आवडी'वरून 'टिळा लावते मी रक्ताचा' आला, 'माकडीचा माळ'वरून 'डोंगरची मैना' आला, 'वारणेचा वाघ' आला. पुस्तकांच्या आवृत्त्या निघत होत्या. आणि लेखक घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीत राहून लिहीत होता. १८ जुलै १९६९ ला ते गेले तेव्हा वयाची ४९ वर्षंही पुरी झाली नव्हती. गरिबी हे त्यांचं भूषण होतं असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं की माझ्या अंगाची आग होते. त्यांच्या श्रमाचं मोल त्यांना मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. दुसऱ्यांच्या मजुरीसाठी भांडणाऱ्यानं स्वतःची मजुरी सोडून द्यायची नसते.

म्हणून प्रकाशकाकडे जाताना कागद नीट वाचा. 'सर्व हक्क कायमचे' अशा ओळीखाली सही करू नका. हक्क देताना मुदत लिहा, प्रदेश लिहा, आणि पुस्तक, ध्वनिमुद्रण, नाटक, चित्रपट, अनुवाद हे वेगवेगळे लिहा. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पण लेखी 'कायमचे' म्हणालात तर ती सवलत गेली. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. अण्णा भाऊंच्या लिखाणावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालेल. यावरून तुमच्या आजच्या सहीची लांबी मोजा. मोर्चाची गाणी मात्र मी मोकळी सोडते. ज्यानं गायची त्यानं गावीत, कडवं बदलावं, माझं नाव नसलं तरी चालेल.

नोकरी सोडू नका. मी निवृत्तीपर्यंत शाळेत मराठी शिकवलं. हंगामात शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये फडांवर जायचे, उन्हाळ्यात टोळ्या गावी परतल्या की वह्या घेऊन बसायचे. कादंबरीला रोज दीड तास, पहाटेचा. त्या दीड तासात फोन आला तर उचलायचा, कारण आमच्याकडे पहाटेचा फोन अपघाताचा असतो. बाकी कशासाठी उठायचं नाही. प्रकाशकांच्या 'आधी ठरवा'ला एवढंच उत्तर द्या की हातात दिलेलं हस्तलिखित कादंबरीचं आहे, त्याबद्दल बोलू. आणि सोबत्याला म्हणावं, मृत्यू झाला त्या रात्री मी पोलीस ठाण्यात होतो की नाही ते विचार. पहाटेचा माझा वेळ माझा राहू दे.

राहिला शेवटचा प्रश्न, अडकलेली कादंबरी कामगारांना दाखवावी का. दाखवा, पण सगळी वही पुढ्यात टाकू नका. हजेरी शेडवर दोघा-तिघांना एखादंच प्रकरण वाचून दाखवा आणि गप्प बसा. माझ्या पहिल्या कादंबरीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई मागच्या बाईशी बोलते, असा प्रसंग होता. दीड पान संवाद, मला फार आवडलेला. कोपीसमोर वाचून दाखवला. भाकऱ्या थापणारी एक जण ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "फळीवर कुणी बोलत नाही बाई. दम नसतो. खाली उतरल्यावर बोलतात." मी ते दीड पान तिथंच काढून टाकलं. आता त्या प्रसंगात फक्त फळी कुरकुरते आणि दोघींचा श्वास ऐकू येतो.